दोर नसलेली घागर

आमच्या आजीला गावातल्या सगळ्या विहिरी नावानं माहीत होत्या. पाटलाची, चिंचेखालची, पायऱ्यांची, आणि सावकाराच्या वावरातली ती मचूळ पाण्याची. गाव दारव्हा तालुक्यातलं, अडाण नदीच्या अंगाचं. उन्हाळ्यात आम्ही पोट्टे जमलो की कुठल्या विहिरीत पोहायचं आणि कुठल्या नाही, हे ती आधी बजावायची. बजावता बजावता प्रत्येक विहिरीबरोबर एखादी बाई तिच्या तोंडून निघायची. कोणाची सून, कोणाची दुसरेपणाची बायको. काही आपणहून गेलेल्या, काही तोल जाऊन पडलेल्या. आणि काहींबद्दल सांगताना आजी मध्येच थांबायची, पदरानं ओठ पुसायची आणि म्हणायची, "जाऊ द्या बापा, निजा आता."

आबाजी अर्जनवीस होते. यवतमाळच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली त्यांची बैठक असे. सोमवारी दारव्ह्याहून शकुंतला रेल्वेनं जायचे, शनिवारी त्याच गाडीनं परत. ती गाडी मूर्तिजापूरहून यायची आणि इतकी सावकाश चालायची, की माणसं उतरून बोरं तोडून पुन्हा चढत, असं आबाजी सांगत. खरंखोटं शकुंतलेलाच ठाऊक. कलमं त्यांना तोंडपाठ होती आणि अक्षर मोत्यासारखं. बापूजी अण्यांना यवतमाळच्या कोर्टात काम चालवताना आपण पाहिलं, हे ते पाहुण्याला पहिल्या चहाच्या आत सांगून टाकत.

तर ओसरीवर आबाजी बोलायचे ते कोर्टाचं, आणि माजघरात आजी बोलायची ते घरातलं. बरेचदा गोष्ट एकच असायची. ओसरीवर ती ‘मयत’ असायची. माजघरात ‘थे गोरीपान पोरगी, जिले कोहळ्याचे बोंडं लय आवडे’.

पायऱ्यांच्या विहिरीची गोष्ट मी दोघांकडूनही ऐकली. आबाजींच्या हिशेबानं ती दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सालातली. आजी म्हणे, छे, आपला मोठा काका तेव्हा रांगत होता, म्हणजे त्याच्याही नंतरची. आमचा जिल्हा तेव्हा मुंबईच्या राज्यात नव्हता. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. वरचं कोर्ट नागपूरला. आधी तिथं ज्युडिशियल कमिशनर बसायचा, १९३६ पासून हायकोर्ट आलं. हे सगळं आबाजींचं. आजीच्या गोष्टीत नागपूर नव्हतं. त्यात एक विहीर होती, तिच्या काठावर एक पितळी घागर होती, आणि पाण्यात एक विशी न गाठलेली बाई होती, जिला दुसरीही मुलगीच झाली होती.

पोलीस पाटील आला, कोतवाल आला, दुपारी दारव्ह्याहून फौजदार आला. सासऱ्याच्या ओट्यावर सतरंजी अंथरली गेली. पंच बसले, गुळाचा चहा झाला, पंचनामा झाला. पाणी काढताना पाय घसरला, असं लिहिलं गेलं आणि खाली सह्या-अंगठे पडले. शंका नाही म्हटल्यावर प्रेत फाडायला नेण्याचं कारण उरलं नाही. घरच्यांच्या ताब्यात दिलं.

मग बायकांचं काम सुरू झालं. सवाष्ण गेलेली, तिला न्हाऊ घालायचं, हळदकुंकू लावायचं, हिरवं लुगडं नेसवायचं, ओटी भरायची. माझी आजी तेव्हा नवी सून होती. पणजी तिला सोबत घेऊन गेली, कारण कढत पाण्याच्या बादल्या वाहायला हातीपायी धड बाई पाहिजे होती. चार जणी होत्या. डोक्यावरून पाणी घालताना केस मागे सारले आणि गळ्याच्या दोन्ही अंगाला, कानाखाली, काळेनिळे डाग दिसले. बोटं मोजता येतील असे. पणजीनं हळदीची वाटी ओढली आणि डाग होते तिथं दाट हळद फासली. कोणी काही बोललं नाही. बाहेर आल्यावर आजीची नजर त्या घागरीकडे गेली.

"घागर होती, दोर नोता," आजी सांगायची. "पान्याले गेलेली बाई दोर इसरन काय?"

हे वाक्य मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. दळताना, निवडताना, मधूनच. आबाजी एकदा वैतागून म्हणाले होते, "अगं, पण तू हे फौजदाराला सांगितलं असतंस का? कोर्टात उभी राहिली असतीस?" आजी सुपातले खडे वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "मले कोनी इचारलं कुठं?"

मला वाटतं, मी आयुष्यभर या विषयावर जे काही वाचत आले, ते या एका उत्तराच्या मागे लागून. न्हाऊ घालणाऱ्या चार बायकांना ठाऊक होतं. शेजारणीला रात्रीचा आवाज ठाऊक होता. पंच मात्र ओट्यावरचे पुरुष होते आणि खटला उभा राहायचा तो त्यांच्या कागदावर. नागपूरचं हायकोर्ट असो की दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय, ते त्या दुपारी कागदावर आलं तेवढंच तोलू शकतं. हळदीखाली गेलेलं कुठल्याच न्यायाधीशापुढे येत नाही.

जी प्रकरणं कोर्टापर्यंत पोचत, त्यांच्याबद्दल आबाजींकडे पुष्कळ होतं. सेशन कोर्टात न्यायाधीशाच्या बाजूला असेसर बसत, गावोगावचे प्रतिष्ठित. त्यांचं मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे, पण विचारलं जाई. पुढे १९५५ साली कायदा बदलला आणि असेसर गेले. आबाजींनी त्या खुर्चीवर एकही बाई पाहिली नव्हती. एकदा मीच विचारलं तेव्हा ते बराच वेळ आठवत बसले, मग म्हणाले, नाही, एकही नाही. आणि जन्मठेपेला ते शेवटपर्यंत काळं पाणीच म्हणायचे.

बायकोच्या खुनात आरोपीच्या बाजूनं बहुतेक एकच गोष्ट सांगितली जाई: तिनं राग आणला. १८६० च्या दंडसंहितेतच तशी वाट ठेवलेली होती. गंभीर आणि अचानक चिथावणी मिळून तोल गेला, तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध. कायद्याच्या पुस्तकात ही वाट अरुंद आहे; न्यायाधीशांनी ती आणखी अरुंद करत आणली. पण आबाजी सांगत की अर्जात, जबाबात, वकिलाच्या तोंडी ती गाडरस्ता होऊन जायची. उलट बोलली. भाकर वेळेवर वाढली नाही. कोणाशी हसून बोलली. जी उत्तर द्यायला उरलेली नाही, तिच्या वागणुकीची आधी झडती व्हायची. इंग्रजांनी स्वतःच्या देशातली ही जुनी चिथावणीची तरतूद २००९ च्या कायद्यानं काढून टाकली. आमच्याकडच्या वर्तमानपत्रात ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा मथळा आजही तयार टाईपात ठेवल्यागत येतो. गेलेल्या बाईवरचा संशय मथळ्यात, आणि मारणाऱ्याचं नाव तिसऱ्या ओळीत.

आमच्याच वऱ्हाडातली एक बाई यावर पूर्वीच तडतडून बोलून गेली होती, ते मला फार उशिरा कळलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ मध्ये सुरतेच्या सत्र न्यायालयानं विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला, जन्मलेलं मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली. पुढे शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांतून मात्र समस्त बायकांच्या नीतीचा पंचनामा सुरू झाला. त्यावर ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. त्या मुलाचा बाप कुठे आहे, त्याला कोण पिंजऱ्यात उभं करणार, हा त्यांच्या रागाचा गाभा. ते पुस्तक जवळपास शंभर वर्षं अडगळीत पडलं, स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापलं तेव्हा लोकांना ताराबाई कळल्या. यवतमाळहून बुलढाणा काही परमुलूख नव्हे. आबाजींच्या कपाटात कायद्याची इतकी पुस्तकं, त्यात हे नव्हतं.

आता घरातलं सांगते.

आजीच्या भावाची मुलगी, म्हणजे नात्यानं माझी आत्या, दिग्रसच्या बाजूला दिली होती. मला ती आठवते ती तुरीच्या सोल्यांमुळे. हिवाळ्यात माहेरी आली की शेंगा सोलायला बसायची आणि आम्हा पोरांच्या ओंजळीत हिरवे सोले टाकत राहायची. भाजीला पुरत नसत, मग आजी ओरडायची. आई म्हणते, आणीबाणी उठली त्या दिवाळीनंतरची गोष्ट. काका म्हणतात, त्याच्या पुढच्या वर्षीची. मला एवढंच आठवतं, की कापूस वेचणी चालू होती आणि निरोप घेऊन आलेला माणूस सायकल न टेकवताच बोलला.

आत्या भाजली होती. सरकारी दवाखान्यात ती तीन दिवस काढू शकली. जबाब घ्यायला नायब तहसीलदार आले. डॉक्टरांनी शुद्धीत असल्याचा शेरा दिला. आत्यानं सांगितलं, चहाला स्टोव्ह पेटवला, भडका झाला, पदर पेटला. जबाबावर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला, हात राहिले नव्हते.

त्यानंतर आजी एकटी तिच्याजवळ बसली होती. आजीनं विचारलं, "पोरी, मले तरी खरं सांग." आत्या म्हणाली, "आत्या, पोरं तिकडंच हायेत."

थोरला सहा वर्षांचा होता, धाकटी दोनची.

दिवस झाल्यावर आजी तिच्या सासरी गेली, लेकरांना पाहायला. स्वयंपाकघरात फळीवर पितळी स्टोव्ह होता, चिंच लावून लख्ख घासलेला, तीन पायांवर नीट उभा. एका पायालाही पोचा नव्हता. त्या स्टोव्हवर त्यांनी आजीला चहा करून दिला. ती तो प्यायली नाही.

आजीच्या भावानं, म्हणजे आत्याच्या वडिलांनी, तक्रार केली नाही. त्यांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. नातवंडं त्या घरात होती. चार जाणती माणसं येऊन बसली, आता झालं ते झालं, पोरांकडे पाहा, असं ठरलं. पोलिसांत मर्ग दाखल होता, तो चौकशीअंती बंद झाला. पुढे त्या घरात दुसरी सून आली. मामा-आजोबा त्यानंतर कधी फार बोलले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. आत्याला पहिल्या बाळंतपणात डिंकाचे लाडू द्यायला ते भर पावसात बंडी जुंपून गेले होते. माहेर का गप्प बसलं, हा सवाल वकील कोर्टात विचारतात तेव्हा मला ती बंडी आठवते.

पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला, सवाष्ण गेलेल्या बायकांसाठी एखादी सवाष्ण जेवू घालतात. आजी त्या दिवशी कढी, वडे आणि कोहळ्याची बोंडं करायची. बोंडं कोणासाठी, ते आम्हाला माहीत होतं. म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीतली ती गोरी पोरगी आणि आत्या, दोघीही एकाच पानावर जेवायच्या. घरात याची कुणी चर्चा केली नाही.

मृत्यूपूर्व जबाबावर आपल्या कोर्टांनी फार भर दिला आहे. मरणाच्या दारातला माणूस खोटं बोलत नाही, या समजुतीवर. नागपूरच्याच एका खुनाच्या खटल्यात, खुशालराव विरुद्ध मुंबई राज्य, सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये सांगितलं की असा जबाब विश्वासार्ह वाटला तर केवळ त्यावरही शिक्षा देता येते. २००२ साली लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात पाच न्यायाधीशांनी त्यात भर घातली: डॉक्टरांचा शेरा नसला म्हणून जबाब फेकून द्यायचा नाही, लिहून घेणाऱ्याची खात्री पटलेली असली तर पुरे. या दोन्ही निकालांनी कित्येक जळालेल्या बायकांचं बोलणं वाचवलं, हे खरं. पण मरणाच्या दारातली आई लेकरांसाठी खोटं बोलते, हे आजीला ठाऊक होतं. माझ्या मते कोर्टात येणाऱ्या प्रत्येक ‘स्टोव्हचा भडका’ जबाबाबरोबर एक प्रश्न विचारायला हवा: जबाबाच्या वेळी तिची लेकरं कोणाच्या ताब्यात होती?

१९८२ च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा गेली. लग्न त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतलं. ती बीडची. पोटॅशियम सायनाइडनं मृत्यू. मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते, आणि वसतिगृहात पुण्याचा पेपर दोन दिवस उशिरा यायचा तरी आम्ही तो झडप घालून घ्यायचो. पुण्यात बायका रस्त्यावर आल्या. विद्या बाळ आणि त्यांच्या सोबतिणींची नारी समता मंच ही संघटना त्याच सुमारास उभी राहिली, ‘मी एक मंजुश्री’ नावाचं प्रदर्शन त्यांनी गावोगाव नेलं. शिकल्यासवरल्या, खात्यापित्या घरातही हे होतं, हा धक्का तेव्हा आमच्या प्राध्यापिकांच्याही चेहऱ्यावर दिसायचा. आजीला धक्का बसला नाही. तिनं फक्त वय विचारलं.

पुण्याच्या सत्र न्यायालयानं नवऱ्याला फाशी दिली. मुंबई हायकोर्टानं ती कायम केली. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं.

त्या सुट्टीत मी गावी होते. आबाजींनी ओसरीवर बातमी मोठ्यानं वाचली. आजी उंबऱ्याच्या आत बसून डाळ पाखडत होती. मंजुश्रीनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती, आपलं दुःख, आपली भीती कळवली होती. "तिनं चिठ्ठ्या लेहल्या होत्या ना? मंग?" आजीनं विचारलं. आबाजी समजावू लागले. कोर्टानं पत्रं नाकारली नाहीत. पुरावा म्हणून ती वाचली. पण त्याच पत्रांतून एक खचलेली, हळवी मुलगी दिसते, तिनं स्वतःच विष घेतलं नसेल असं ठामपणे म्हणता येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी अखंड हवी, याचे पाच नियम त्या निकालात एकत्र बांधले आहेत. ‘केलं असेल’ आणि ‘केलंच असलं पाहिजे’ यांतलं अंतर संशयानं भरता येत नाही. आजवर देशभरातली कोर्टं ते पाच नियम मांडतात, आणि त्यांना पंचशील म्हणतात. आबाजी म्हणाले, हे बरोबर आहे. आजी उठून आत गेली.

त्या दिवशी मी आजीच्या बाजूची होते. आता, या वयात, आबाजींचंही म्हणणं मला सोडवत नाही. आमच्या जिल्ह्यात चोरी झाली की पहिला पारध्याचा बेडा उलथापालथा होतो. संशयावर शिक्षा होऊ लागली तर आधी कोण आत जाईल, हे यवतमाळात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. ते पाच नियम असलेच पाहिजेत. पण साखळीच्या कड्या कोण गोळा करतं, कधी करतं, कोणाला विचारून करतं, हा प्रश्न त्या नियमांच्या आधीचा आहे. मंजुश्रीची पत्रं निदान कोर्टात वाचली गेली. आत्याला लिहिता येत होतं, पत्र टाकायला बाहेर जाऊ देत नव्हते.

कायदे बदलले ते याच वर्षांत. आमच्या विदर्भातल्या मथुराच्या खटल्यानं आधीच देश ढवळला होता. ते प्रकरण बलात्काराचं, पण त्यानंतरच्या हलकल्लोळात घरातल्या मारहाणीलाही वाचा फुटली. १९८३ मध्ये ४९८-अ आलं, सासरचा छळ हा पहिल्यांदा स्वतंत्र गुन्हा झाला. त्याच कायद्यानं सांगितलं की लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई संशयास्पदरीत्या गेली, तर शवविच्छेदन झालंच पाहिजे. मॅजिस्ट्रेटच्या चौकशीचीही तरतूद झाली. ओट्यावर चहा पिऊन प्रेत ताब्यात देण्याची सोय तिथं संपली, निदान कागदावर. १९८६ मध्ये ३०४-ब आलं: सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू, आणि त्याच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं सिद्ध झालं, तर कोर्ट तो हुंडाबळी मानेल, खुलासा सासरच्यांनी करायचा. शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, ३०४-ब चं ८० झालं, सात वर्षांची रेघ तीच.

आत्याच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती.

आणि संशयावरून मारलेली, दारूसाठी पैसे दिले नाहीत म्हणून मारलेली, दुसरी करायची म्हणून मारलेली बाई हुंडाबळीत बसत नाही. तिच्यासाठी साधा खुनाचाच खटला, साधाच पुरावा, आणि साक्षीला नवऱ्याच्या घरची माणसं, जी पिंजऱ्यात चढली की फितूर होतात. देशात हुंडाबळीचेच गुन्हे वर्षाला सहा हजारांच्या वर नोंदले जातात. सगळ्या जगाचा अंदाज संयुक्त राष्ट्रांनी २०२३ सालासाठी काढला: जोडीदारानं किंवा घरच्यांनी मारलेल्या बायका-मुली ५१,१००. दिवसाला १४०. शकुंतलेचे डबे भरून गेले असते रोज.

आमच्या जिल्ह्याचं नाव जगाला कळलं ते शेतकरी आत्महत्यांनी. एक शेतकरी गेला की तलाठी येतो, सातबारा पाहतात, बँकेचं कर्ज पाहतात, समिती बसते, पात्र की अपात्र ठरतं, पात्र असेल तर एक लाख. ती मदत तोकडी आहे आणि तो छळही मी जवळून पाहिला आहे. तरी त्या मरणाला सरकारनं एक फाईल दिली. बाईच्या नावावर वावर नसतं. ती कीटकनाशक पिऊन गेली, की तिला पाजलं, हे विचारायला समिती बसत नाही.

आजी आणि आबाजी दोघंही गेल्यानंतर, २००६ च्या ऑक्टोबरात, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. प्रकरण नांदेड जिल्ह्यातलं, म्हणजे आमच्या उमरखेडच्या खाली पैनगंगा ओलांडली की लागतो तो मुलूख. १९९६ मध्ये तिथं एक विवाहिता गेली. सासरच्यांनी सांगितलं, साप चावला. कापसाच्या-ज्वारीच्या मुलखात याच्याइतकं पटणारं कारण दुसरं नाही. दर पावसाळ्यात खरोखरच माणसं जातात. शवविच्छेदनात निघालं की गळा दाबला होता. पाहणारा साक्षीदार कोणीच नव्हता. कोर्टानं म्हटलं की घराच्या चार भिंतींत, गुपचूप केलेल्या गुन्ह्याला बाहेरचा साक्षीदार मागत बसणं म्हणजे सरकारपक्षाला अशक्य ते करायला सांगणं. पुराव्याची पहिली जबाबदारी सरकारचीच, पण ती अशा ठिकाणी हलकी असते. आत काय झालं ते घरातल्यांना माहीत आहे, तेव्हा पटेल असा खुलासा त्यांनी द्यावा. गप्प बसले किंवा खोटं बोलले, तर ती गप्प राहण्याची गोष्टही साखळीतली एक कडी. नवऱ्याची जन्मठेप कायम राहिली. त्याच महिन्यात घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदाही अंमलात आला.

तो निकाल मी दोनदा सलग वाचला. त्यात ओसरी आणि माजघर पहिल्यांदा एका कागदावर आलेले दिसले. आबाजींनी चष्मा पुसून ‘पुरावा कायदा, कलम १०६’ असं पुटपुटलं असतं. आजीनं काय म्हटलं असतं ते मात्र मी सांगू शकत नाही. कदाचित, ‘पन डाग कोनी दाखवले?’

कारण ते डाग कोणीतरी दाखवावेच लागतात. त्या नांदेडच्या खटल्यात डॉक्टरांचं टेबल मध्ये आलं नसतं, तर सापच चावला असता.

आमच्या गावची पोलीस पाटील आता एक बाई आहे. बारावी शिकलेली, कपाशीचं वावर सांभाळणारी, मला काकू म्हणते. बाईमाणूस गेल्याचा फोन आला की ती पहिलं काम करते ते न्हाऊ घालणं थांबवायचं. "पाणी तापवलं असन तर राहू द्या, डॉक्टर पाहू द्या आधी," असं म्हणते. गावात तिला यासाठी शिव्या बसतात, प्रेताची विटंबना करते म्हणून. मग ती मागच्या दारानं शेजारणीकडे जाते, रात्री काय ऐकलं विचारते, आणि फौजदाराला त्या शेजारणीचं नाव सांगते. फौजदार प्रत्येक वेळी लिहून घेतोच असं नाही, ती सांगते प्रत्येक वेळी.

अशाच एका प्रकरणात सध्या सेशन कोर्टात खटला उभा आहे. मयत मुलीची आई मुख्य साक्षीदार आहे. तिच्याकडे निरोप येऊन राहिले आहेत, चार जाणती माणसं बसून गेली आहेत, पोरांकडे पाहा म्हणून. तारखेला एसटीनं जावं लागतं, रोज बुडतो, कोर्टात दिवसभर बसून पुढची तारीख मिळते. दर खेपेला ती पोलीस पाटीण तिच्यासोबत जायची. या वेळी तिची वेचणी आहे. तेव्हा पुढच्या तारखेला मी जाणार आहे. सकाळच्या सातच्या गाडीनं, डबा घेऊन. तिला आंबाडीची भाजी आणि भाकर आवडते, असं कळलं आहे.